डोळ्यातले कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आपल्याला दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यातले कुसळ म्हणजे नेमके काय, हे शहरात वाढलेल्या पिढीला आता सांगावे लागते. गव्हाच्या किंवा भाताच्या लोंबीला जे ताठ, टोकदार केस असतात ते कुसळ. माळरानावरून चालताना धोतराला-लुगड्याला चिकटणारे गवताचे टोक तेही कुसळच. म्हणीत ते क्षुल्लक दोषाच्या जागी आले आहे. मुसळापुढे कुसळाची काय मातब्बरी! म्हण रचणाऱ्याने यमक साधले, पण वैद्यकाच्या दृष्टीने ही तुलना फसवी आहे. मुसळ कुणाच्या डोळ्यात जात नाही. कुसळ जाते, आणि कधीकधी पंधरा दिवसांत डोळा घेऊन जाते.

अंधत्व म्हटले की आपल्याला मोतीबिंदू आठवतो आणि त्यात चूक काही नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नास वर्षे व त्यापुढच्या वयाच्या लोकांमध्ये अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले, आणि त्यातल्या ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू हे होते. पण पन्नाशीच्या आतल्या माणसांचा तक्ता उघडला की क्रम बदलतो. तिथे पहिल्या क्रमांकावर पारपटलाचे अंधत्व आहे, ३७.५ टक्के. पारपटल म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतला कॉर्निया, डोळ्याच्या काळ्या भागावरची पारदर्शक काच. ती पांढरी पडली की खेड्यात म्हणतात, ‘डोळ्यात फूल पडले.’ या ३७.५ टक्क्यांत लहानपणी जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याने किंवा गोवरात गेलेले डोळे आहेत, अपघातांत गेलेले आहेत, आणि कामाच्या वयात व्रण होऊन गेलेले आहेत. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. फुलाचे तसे नाही.

शिवाय या तक्त्यात एक मोठी फट आहे. अंधत्वाची व्याख्या दोन डोळ्यांपैकी चांगल्या डोळ्यावरून ठरते. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी, म्हणजे निरोगी माणसाला जे साठ मीटरवरून दिसते ते तीन मीटरवरूनही दिसत नाही, अशी व्यक्ती अंध. (२०१७ पर्यंत आपल्याकडे ही रेषा ६/६० वर होती, नंतर ती जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेण्यात आली.) शेतात काम करताना झालेली इजा बहुतेक वेळा एकाच डोळ्याला होते. तिशीतल्या बाईचा उजवा डोळा कायमचा गेला, तरी डावा शाबूत असेपर्यंत ती या व्याख्येत बसत नाही. तिला सुईत दोरा ओवताना, विहिरीच्या काठावरून चालताना, रात्री मोटारसायकलच्या दिव्याचा अंदाज घेताना काय होते, ते कुठल्याही टक्क्यात उमटत नाही. म्हणीत म्हटले आहे ते इथे उलटे होते: दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळच आपल्याला दिसत नाही.

हा अंक वाचकांच्या हातात पडतो ते दिवस नेमके या इजांचे. कोकणात भातकापणी उरकून झोडणी चालू असते. घाटावर सोयाबीन मळणीयंत्रातून निघत असते आणि यंत्राच्या तोंडापुढे भुश्श्याचा लोट उभा असतो. दसरा झाला की बीड आणि आसपासच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पुढचे पाच-सहा महिने त्यांचे डोळे उसाच्या पात्याच्या पातळीवर राहतात. उसाच्या पात्याची कड हाताने एकदा उलट दिशेने चाचपून पाहावी. बारीक करवत असते ती. वाकून बुडखा तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट सोलायचे, मोळी बांधायची, या प्रत्येक हालचालीत पाते चेहऱ्यासमोरून जाते.

एवढ्याशा ओरखड्याने डोळा का जावा, हे समजायला पारपटलाची रचना पाहावी लागते. ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यातले कोलॅजेनचे तंतू इतक्या शिस्तीत मांडलेले असतात की प्रकाश आरपार जातो. या पारदर्शकतेची एक किंमत आहे: पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. असत्या, तर आपण जग लाल जाळीतून पाहिले असते. त्याला प्राणवायू मिळतो तो अश्रूंच्या थरातून, थेट हवेतला. पण रक्त नाही म्हणजे रक्ताबरोबर येणारे शिपाईही दारात उभे नाहीत. बोटाला काटा लागला तर संरक्षक पेशी तत्काळ तिथे पोचतात. पारपटलाला काटा लागला तर त्यांना कडेच्या पांढऱ्या भागातून वाट काढत यावे लागते. तोवर सगळी भिस्त वरच्या पातळ पेशीस्तरावर. हा थर शाबूत असेल तर बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. ओरखड्याने तो सोलला गेला की दार उघडे पडते. सुदैवाने हा थर भराभर भरून येतो. छोटा ओरखडा एक-दोन दिवसांत बुजतो. त्या एक-दोन दिवसांत आत कोण शिरले, यावर पुढचे सारे ठरते.

आपल्या हवामानात आत शिरणाऱ्यांत बुरशीचा वाटा फार मोठा आहे. थंड देशांतल्या पाठ्यपुस्तकांत डोळ्यातला व्रण हा प्रामुख्याने जिवाणूंचा आजार असतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात नव्वदच्या दशकात तीन महिन्यांत आलेले ४३४ रुग्ण तपासले गेले. ज्यांच्या व्रणातून जंतू वाढवता आले, त्यांत जिवाणू आणि बुरशी जवळपास सारख्या संख्येने निघाल्या. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांनी आधी डोळ्याला इजा झाल्याचे सांगितले होते. बुरशींमध्ये सर्वांत जास्त आढळली ती फ्युझेरियम. हे नाव शेतकऱ्याला अगदीच परके नाही. तुरीवर आणि हरभऱ्यावर जो ‘मर’ रोग येतो, उभे झाड वाळून जाते, तो याच कुळातल्या बुरशीमुळे. ती मातीत असते, पाचटात असते, भुश्श्यात असते. पात्याच्या टोकावर बसून ती थेट पारपटलात पेरली जाते.

त्याच मदुराई जिल्ह्यात वर्षाला दर लाख लोकांमागे ११३ जणांना असा व्रण होतो, असा अंदाज निघाला. अमेरिकेतल्या एका परगण्याचा आकडा होता ११. नेपाळमधल्या भक्तपूरला तर दर लाखामागे ७९९ निघाले. अमेरिकन डोळा आणि नेपाळी डोळा यांत काही फरक नसतो. फरक आहे तो डोळ्याच्या आजूबाजूचा.

इथे ‘कारण’ आणि ‘जोखीम’ या दोन शब्दांकडे जरा नीट पाहू. बुरशी हे कारण. तिच्याशिवाय बुरशीचा व्रण होणार नाही. पण नुसत्या बुरशीने तो होत नाही. आपल्या सगळ्यांच्या पापण्यांवर तिचे बीजाणू उडून पडतच असतात. बी रानात पडले म्हणून पीक येत नाही, वाफसा लागतो. ओरखडा, मधुमेहाने मंदावलेली जखम भरण्याची गती, डोळा कोरडा पडण्याची व्याधी, पापणी नीट न मिटणे, हे जोखमीचे घटक. शहरात यांच्या जागी रात्रभर डोळ्यात राहिलेली किंवा नळाच्या पाण्याने धुतलेली कॉन्टॅक्ट लेन्स येते. एवढे सगळे डॉक्टरांच्या कागदावर असते. माझ्या मते सर्वांत मोठा घटक मात्र त्या कागदावर क्वचितच येतो. तो म्हणजे इजा आणि उपचार यांच्यामधले तास.

हे तास मोजले गेले आहेत, आणि ते मोजणारा भक्तपूरचा अभ्यास सार्वजनिक आरोग्यातल्या सुंदर कामांपैकी एक आहे. तिथे सुमारे पस्तीस हजार वस्तीवर दोन वर्षे नजर ठेवली गेली. गावातच राहणाऱ्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांकडे डोळ्याला काही लागले की लोकांनी यायचे. कार्यकर्ता एका रंगद्रव्याचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाही. ओरखडा असेल तर तो हिरवा चमकतो. मग क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे, स्वस्त मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. अशा ४४२ जणांपैकी ४२४ जणांचा ओरखडा संसर्गाशिवाय बरा झाला. जे २८४ जण अठरा तासांच्या आत आले, त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना झाला. एक दिवस उलटून गेल्यावर आलेल्या ४९ जणांपैकी चौदांना झाला. पुढे दक्षिण भारतातल्या खेड्यांत अशाच मलमाबरोबर बुरशीनाशकही देऊन पाहिले. नुसत्या मलमापेक्षा त्याने वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे जिथे बुरशीची भीती सर्वांत जास्त, तिथेही निर्णायक गोष्ट होती ती लवकर येणे.

मग माणसे लवकर का येत नाहीत? याचे सोपे उत्तर ‘अज्ञान’ असे दिले जाते आणि मला ते अर्धवट वाटते. ऊसतोडीची मजुरी नवरा-बायकोच्या जोडीने ठरते. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडून फेडायची असते. एक दिवस कामावर न गेल्यास ‘खाडा’ लागतो, त्याचे पैसे कापले जातात. कोपीपासून तालुक्याचे गाव लांब. डोळा लाल आहे, पाणी येते आहे, पण हात चालतो आहे. अशा वेळी कोयत्यातला एक जण दवाखान्यात गेला तर दुसऱ्याचेही काम थांबते. पहिल्या दिवशी तो ओरखडा असतो आणि एका नळीभर मलमाचा प्रश्न असतो. चौथ्या दिवशी काळ्यावर पांढरा ठिपका दिसतो आणि मग खाडा किती दिवसांचा, याला धरबंद उरत नाही. या माणसाने हिशेब चुकवला असे म्हणायला मी तयार नाही. त्याच्यापुढे मांडलेला हिशेबच तसा आहे.

या मधल्या दिवसांत डोळ्यात काय काय जाते, त्याची यादी मोठी आहे. आईचे दूध, मध, एरंडेल, पाल्याचा रस, कोथिंबिरीचे पाणी. काही ठिकाणी जिभेच्या टोकाने कचरा काढणारी जाणती बाई असते. कचरा निघतोही, पण तोंडातले जंतू उघड्या जखमेवर पोचतात. तरीही घरगुती उपायांवर सगळे खापर फोडणे मला पटत नाही, कारण त्यांच्याहून जास्त नुकसान करणारी बाटली औषधाच्या दुकानातून येते. स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेले थेंब चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. मिळतात मात्र सर्रास. स्टेरॉइडचे काम दाह शमवण्याचे. थेंब टाकले की लाली उतरते, दुखणे कमी होते, दोन दिवस माणूस खूश. पण लाली हा शरीराने चालवलेल्या प्रतिकाराचा रंग असतो. प्रतिकार थांबला की बुरशीला मोकळे रान मिळते आणि ती खाली खाली उतरते. हेच थेंब उन्हाळी ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांना महिनोन् महिने घातले जातात आणि त्यातून डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, तो तर वेगळ्याच लेखाचा विषय.

रुग्णालयात पोचल्यावर निदान फारसे अवघड नसते. व्रणाचा कण खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला तर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू काही मिनिटांत दिसतात. औषधही आहे. नॅटामायसिन हे जुने औषध आणि व्होरिकोनॅझोल हे नवे, यांची तुलना करणारी मोठी चाचणी भारतातच झाली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले: जुने औषधच सरस ठरले, फ्युझेरियमच्या बाबतीत तर ठळकपणे. पण हे औषध पारपटलात खोलवर शिरत नाही. थर वरचा असेपर्यंत ते उपयोगी. बुरशी तळापर्यंत गेली की महिना-दीड महिना तासातासाला थेंब घालूनही डोळा हाती लागेलच असे नाही. आणि जो बरा होतो त्यालाही वण राहतो. तुटलेले तंतू पुन्हा भरतात, पण पूर्वीच्या शिस्तीत नव्हे. ते बेशिस्त विणकाम म्हणजेच फूल.

तेव्हा भक्तपूरसारखे कार्यकर्ते गावोगावी नेमले की प्रश्न सुटला, असे वाटेल. नेपाळमध्येच ते मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. गावच्या आरोग्य स्वयंसेविकांना शिकवले, मलम दिले, आणि काही गावे तुलनेसाठी तशीच ठेवली. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रकारच्या गावांत व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही. या निकालाचा अर्थ मलम निरुपयोगी असा होत नाही. लहान वस्तीत, बारीक नजरेखाली जे घडते ते विस्तारल्यावर पातळ होते. प्रत्येक ओरखडा स्वयंसेविकेच्या दारापर्यंत येत नाही. पण भक्तपूरचे आकडे सांगून तिथेच थांबणारी भाषणे मी ऐकली आहेत, आणि हा दुसरा निकाल त्यांच्यात नसतो. ‘आशां’च्या पिशवीत एक नळी वाढवण्याने काम भागेल असे समजणाऱ्यांनी तो वाचायला हवा. नळी असली तरी फडावरून तिच्यापर्यंत जायला मोकळा तास लागतो.

पारपटल बदलता येते, हे वाचकांना ठाऊक असेल. नेत्रदानात घेतात ते हेच. माणसाच्या डोळ्यातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी ऑलोमौत्स या आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या गावी एडुआर्ड झिर्म यांनी केली. रुग्ण होता ॲलॉइस ग्लोगार नावाचा मजूर. त्याचे डोळे गेले होते ते चुन्याने. हा तपशील मला आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो, कारण तंबाखूच्या चुन्याची पुडी आपल्याकडे घराघरात, खिशाखिशात असते आणि लहान मूल ती दाबून पाहते. पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात. आम्लापेक्षा क्षार जास्त घातक. आम्लाने भाजलेला थर गोठतो आणि पुढची वाट थोडी अडते. चुना मात्र पेशी विरघळवत आत जातो आणि पारपटलाच्या कडेला ज्या मूळपेशींपासून नवा थर तयार होतो त्यांनाच मारतो. अशा डोळ्यात नुसते नवे पारपटल बसवून भागत नाही. त्याच्यावर पेशींचे आवरण धरत नाही. बुरशीने पोखरलेल्या आणि अजून धगधगणाऱ्या डोळ्यात केलेले रोपणही बरेचदा टिकत नाही. नेत्रदान वाढलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण पोखरलेल्या डोळ्यांमागून धावत जाऊन ते सगळे भरून काढता येणार नाही.

यात निराश होण्यासारखे काही नाही, कारण डोळ्याबाहेरची कारणे हलवता येतात याचा दाखला आपल्याच देशात आहे. खुपरी किंवा ट्रॅकोमा हा एके काळी उत्तर आणि पश्चिम भारतात घरोघरी असणारा आजार. त्याचा जंतू १९०७ मध्येच पाहिला गेला होता, पण जंतू ओळखल्याने तो गेला नाही. तोंड धुवायला पुरेसे पाणी, माश्या कमी होणे, पापण्यांची शस्त्रक्रिया आणि अँटिबायोटिक असे सगळे मिळून, कित्येक दशकांनी तो हटला; २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ट्रॅकोमा ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नसल्याचे जाहीर केले. रातांधळेपणाही तसाच मागे सरला.

फडावर, खळ्यावर काम करणाऱ्यांना चष्मा घाला म्हणणे सोपे आहे. ज्याने नोव्हेंबरच्या उन्हात तासभर ऊस तोडला असेल, त्याला घामाने धुकटलेली काच म्हणजे काय ते कळेल. कोयता हातात असताना धूसर दिसणे हीसुद्धा जोखीमच. मळणीयंत्रापुढे उभे राहणाऱ्याची गोष्ट निराळी. तो एका जागी असतो, त्याच्या डोळ्यांसमोरचा लोट सतत असतो, आणि बाजूने बंद असलेला साधा प्लॅस्टिकचा चष्मा तिथे चालतो. भाड्याने यंत्र देणाऱ्याने यंत्राबरोबर दोन चष्मे द्यावेत, इतकी ही बाब किरकोळ खर्चाची आहे.

आणि प्रत्यक्ष काही गेलेच तर? डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. रुतलेला कण घरी टोकरू नये, घट्ट पट्टी बांधू नये, घरात पडलेली जुनी बाटली उघडू नये, मग ती कुणाला कितीही लागू पडलेली असो. चुना गेला असेल तर गाडीची वाट पाहत बसू नये. नळाखाली, कळशीने, जे मिळेल त्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावे, पापणी उलटून अडकलेले खडे ओल्या कापसाने काढावेत आणि मग निघावे. भुईनळ्याची ठिणगी किंवा न उडालेल्या फटाक्यावर वाकून पाहताना झालेली इजा असेल आणि डोळा फुटल्याची शंका असेल, तर धुणे, चोळणे, दाबणे काहीच नको. वर वाटीसारखे काहीतरी धरून थेट रुग्णालय. ओरखड्याचे दुखणे दुसऱ्या दिवशी कमी झाले तरी उजेड सहन होत नसेल, पाणी थांबत नसेल, तर त्याच दिवशी दाखवावे. काळ्यावर पांढरा ठिपका दिसला असेल तर तासांचा हिशेब सुरू झालेला असतो, आणि डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायची गोष्ट ही की डोळ्यात काय गेले होते: माती, लोखंड की पाते.